लेकीला पहिलीत घालायचंय : शाळा बघायला गेल्यावर नेमकं काय बघावं? (अंबाजोगाई-केज भाग)

बालाघाटी | ११ मे, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. लेक यंदा पहिलीत जायलीय. गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा हाय, घरापासून चालत पाच मिनिटं. दुसरीकडं तालुक्याच्या रस्त्याला इंग्लिश मीडियम, पिवळी बस दारात येती. घरात दोन पार्ट्या पडल्यात. बायकोचा कल बसकडं. आई म्हणती, एवढंसं लेकरू, दुपारच्याला घरी भाकर खायला आलं पाहिजे.

दोन्ही शाळा बघून आलो. इंग्लिश शाळेनं गुळगुळीत पुस्तिका दिली. त्यात 'आमची मूल्ये' म्हणून सहा चित्रं, सूर्य, झाड, जोडलेले हात वगैरे. मी इचारलं, हे वर्गात कसं करता? काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "सगळे फेस्टिव्हल सेलिब्रेट करतो ना सर." झेडपीच्या भिंतीवर वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा अशी दहा मूल्यं रंगवलेली. आपण शिकताना होती तीच. राष्ट्रीय एकात्मतेच्या बरोबर खाली गुरुजींची मोटारसायकल.

फी किती, पट किती, शिक्षक किती, हे कुणालाबी इचारता येतं. पण शाळा लेकराला कशी वागवती, शिकवायची रीत काय, हे एखाद्या भेटीत कसं ओळखायचं? शिक्षक मंडळींनी सांगावं. ज्यांची लेकरं शिकायलीत त्यांनीबी सांगावं. मराठी का इंग्रजी हा वाद कृपा करून नको.

---

लातूरचा_भाऊ | ११ मे, रात्री ९:४०

वाद नको म्हणल्यानं टळत असता तर काय पाहिजे होतं. दादा, तुमच्या गावातल्या झेडपीच्या गुरुजींची स्वतःची लेकरं कुठं शिकायलीत ते इचारा. धागा तिथंच संपला.

---

निवृत्त_केंद्रप्रमुख | ११ मे, रात्री १०:२५

लातूरच्या भाऊंचा टोमणा जुना आहे, आणि सगळाच खोटा नाही. पण आता अशीही गावं आहेत जिथं शिक्षक स्वतःची मुलं स्वतःच्याच वर्गात बसवतात. तेव्हा विचारा जरूर, उत्तर ठरवून जाऊ नका.

बालाघाटी, तुमचा प्रश्न चांगला आहे. नोकरीत शाळा तपासण्यातच हयात गेली म्हणून लिहितो. फोन करून जाऊ नका. मे महिन्यात शाळा बंद, त्यामुळं आत्ता दिसल्या त्या इमारती. पंधरा जूनच्या पुढं शाळा भरली की परिपाठाच्या वेळेला फाटकाशी उभे राहा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, हे सगळीकडं असतं. त्यात गुण देऊ नका. समोर येऊन कोण बोलतंय ते बघा. रोज त्याच तीन चुणचुणीत मुली पुढं येत असतील तर परिपाठ पाहुण्यांसाठी बसवलेला आहे. अडखळत वाचणारं पोरगं पुढं आलंय, बाकीची थांबलीत, कुणी फिदीफिदी हसत नाही, असं दिसलं तर त्या शाळेवर कुणीतरी मेहनत घेतलीय.

मग उशिरा आलेल्या लेकराकडं बघा. आपल्याकडं लेकरू उशिरा येतं ते पाणी भरून येतं, धाकट्याला अंगणवाडीत सोडून येतं. त्याला फाटकाबाहेर उभं करतात, अंगठे धरायला लावतात, का नुसतं "ये, बस" म्हणतात? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला बंदी आहे. कायदा २०१० पासून लागू आहे. छडी बहुतेक शाळांतून गेली. घालूनपाडून बोलायची सवय राहिली.

तिसरं, वह्या मागा. एका वर्गातल्या चार-पाच वह्या शेजारी ठेवा. 'माझी आई' हा निबंध सगळ्या वह्यांत शब्दाशब्दानं सारखा निघाला, सगळ्यांच्या आया पहाटे पाचला उठून सडा घालत असल्या, तर तो फळ्यावरून उतरवलेला आहे. मला एकदा एका वहीत 'माझी आई भांडते' असं वाक्य सापडलं होतं. खाली बाईंनी लिहिलं होतं, 'कुणाशी? पुढे लिही.' पोरानं पुढं पानभर लिहिलं होतं. त्या वर्गाचा शेरा लिहायला मला वेळ लागला नाही.

आणि प्रगतिपुस्तक. सातत्यपूर्ण मूल्यमापन आलं तेव्हापासून प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात. त्या नोंदींची तयार पुस्तकं बाजारात मिळतात. 'वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो' हे वाक्य अख्ख्या पटाला लावलेलं मी पाहिलंय. त्यात एक पोरगा तीन महिने शाळेतच नव्हता.

---

कडब्याची_गंजी | १२ मे, सकाळी ७:०५

सर, तुमच्याबद्दल आदर हाय, पण वह्या तपासायला शिक्षकाला वेळ कोण ठेवतंय? सकाळी ग्रुपवर मेसेज, 'अमुक माहिती आजच, तातडीने, अन्यथा जबाबदारी मुख्याध्यापकांची'. यू-डायस म्हणजे शाळेच्या माहितीची सरकारी नोंद, ती भरा, आधार जुळवा, खिचडीची नोंद ॲपवर टाका, गणवेशाचे फोटो टाका. माझा मेहुणा द्विशिक्षकी शाळेवर हाय. जोडीदार प्रशिक्षणाला गेला की चार वर्ग एकट्याच्या गळ्यात.

आणि ती रचनावादाची, म्हणजे लेकरानं स्वतः करून शिकायची, लाट आठवतीय का? २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आलं, साताऱ्याकडच्या कुमठे बीटातल्या शाळा बघायला गाड्या भरभरून गेल्या. परत आल्यावर आमच्याकडं काय झालं, तर फरशीवर ऑइलपेंटनं चौकोन, सापशिडी, मुळाक्षरं. लोकवर्गणी जमली, फोटो निघाले. लेकरं त्या चौकोनावर बसून परत फळ्यावरचंच उतरवून घ्यायली. रंग उडाला, विषय संपला.

---

तांड्यावरची_बाई | १२ मे, दुपारी ३:३०

कडब्याची गंजी, रंग उडाला हे खरं. पण सगळीकडं विषय संपला असं नाही. मी हिंगोली जिल्ह्यात तांड्यावरच्या शाळेत आहे. आम्ही दोघी आहोत, पहिली-दुसरी माझ्याकडं.

माझ्याकडं पहिलीत येणारं लेकरू घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतं. आईला याडी म्हणतं, भाकरीला बाटी. पुस्तकात आईचं चित्र आणि खाली 'आ आईचा'. नवीन असताना माझं लेकरं ऐकायचीच नाहीत असं मत झालं होतं. त्यांना कळत नव्हतं, एवढंच होतं. कायद्यात कलम २९ मध्ये शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवा असं लिहिलंय. प्रत्यक्षात मला गोरमाटी कुणी शिकवलं? तांड्यावरच्या बायकांनी. संध्याकाळी ओट्यावर बसून.

आता माझी सुरुवात अशी असते. पहिले काही आठवडे पुस्तक उघडतच नाही. लेकरं त्यांच्या बोलीत सांगतात, मी जसंच्या तसं फळ्यावर लिहिते. शेळी व्यायली, बाप मुकादमाकडं गेला, काल पाऊस आला. आपण बोललेलं फळ्यावर उमटतं आणि बाईंना ते परत वाचता येतं, हे कळलं की त्यांचे डोळे बघण्यासारखे होतात. मग एकाच गोष्टीची दोन नावं शेजारी-शेजारी येतात. दिवाळीपर्यंत मराठी ऐकून समजायला लागतं, काही जण वाचायला लागतात, काही नाही. जे लागत नाहीत त्यांचं काय करायचं हाच माझा खरा धंदा आहे. बाकीचं कुणीही शिकवेल.

आणि आमच्याकडं दिवाळीलाच अर्धा वर्ग रिकामा होतो. टोळ्या ऊसतोडीला निघतात. हंगामी वसतिगृह असलं तर आजी-आजोबांजवळ राहिलेल्या लेकरांच्या जेवणाची सोय होते, नाहीतर बैलगाडीत बसून लेकरूही जातं. शिक्षण हमी कार्ड देतो आम्ही, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता यावं. किती जण बसतात ते तुम्हाला माहीत आहे. गुढीपाडव्याच्या पुढं कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ही लेकरं परत वर्गात येतात. बालाघाटी दादा, तुमचा भाग तर ऊसतोडीचाच. त्या झेडपीत जाऊन एकच विचारा, एप्रिलमध्ये परत आलेल्या लेकराला तुम्ही कुठं बसवता आणि त्याला काय शिकवता? 'ते काय, तसंच राहतं' असं उत्तर आलं तर भिंतीवर काहीही रंगवलेलं असू द्या.

इंग्लिश शाळेत हा प्रश्न विचारायची गरज नाही. तिथं ते लेकरू नसतंच.

---

संस्थाचालक_छोटा | १२ मे, रात्री ८:५०

मॅडम, शेवटचं वाक्य लागलं. मी परभणी जिल्ह्यात छोटी इंग्रजी शाळा चालवतो. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव जागांवरची मुलं माझ्या वर्गात बसतात, त्यांच्या फीच्या प्रतिपूर्तीचे पैसे सरकारकडून वेळेवर येत नाहीत, तरी बसतात. २०२४ ला सरकारनं एक किलोमीटरवर सरकारी शाळा असेल तर खासगीला या जागांतून सूट असा नियम काढला होता, तो हायकोर्टानं रद्द केला. मला त्याचा आनंदच झाला. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

पालकांबद्दलही बोला की. मी ज्युनियर-सीनियर केजीचा गृहपाठ बंद केला. मातीकाम, गाणी, गोष्टी, मणी ओवणं एवढंच ठेवलं. नवीन शैक्षणिक धोरण तेच सांगतं, तीन ते आठ वय हा पायाभूत टप्पा, खेळातून शिकू द्या. दिवाळीनंतर पालक आले. "शेजारच्या शाळेतलं लेकरू शंभरपर्यंत स्पेलिंग लिहायलंय, आमचं चिखलात खेळायलंय, फी कशाची द्यायची?" काहींनी दाखले नेले. पुढच्या वर्षी मी गृहपाठ परत सुरू केला. थोडा. शिक्षकांचे पगार फीतून निघतात, धोरणातून नाही.

बालाघाटींनी पुस्तिकेतल्या सूर्याची चेष्टा केली. ती पुस्तिका छापली नाही तर पालक म्हणतात शाळेत काही नाही.

---

उषाताई_लातूर | १२ मे, रात्री १०:१५

संस्थाचालक, तुमचं खरं आहे आणि त्याचं टोक बघायचं असेल तर आमच्या लातुरात या. लातूर पॅटर्न दहावी-बारावीचा होता. आता तो खाली सरकत सरकत तिसरीत आलाय. नवोदय या सरकारी निवासी शाळेची परीक्षा पाचवीत असते, सहावीच्या प्रवेशासाठी. तिची निवासी बॅच तिसरीपासून! आठ वर्षांचं लेकरू, पत्र्याच्या हॉलमध्ये गादी टाकून राहतं, पहाटे उठून बुद्धिमत्तेचे पेपर सोडवतं. रविवारी आईबाप डबा घेऊन भेटायला येतात.

माझ्या भाच्याला तसं ठेवलं होतं. आकृत्या फटाफट ओळखायचा. घरी आला की मात्र एकटा झोपायला भ्यायचा. नवोदयला नंबर लागला नाही. त्याला अजून वाटतं त्यानं घराला फसवलं. शाळेची मूल्यं विचारताय ना? पोरगा परीक्षेत पडला त्या आठवड्यात क्लासवाल्यांनी त्याच्याशी काय बोलणं केलं, तर फोनच उचलला नाही. पास झालेल्यांचे फ्लेक्स मात्र चौकात लागले.

मी परीक्षेच्या विरोधात नाही. माझी स्वतःची मुलगी पाचवीत स्कॉलरशिपला बसली, मजेत बसली. पण तिच्या बाई शाळेतच, सुट्टीच्या आधी अर्धा तास सराव घ्यायच्या आणि चुकलेलं गणित सगळ्यांना मिळून सोडवायला द्यायच्या.

---

समन्वयक | १३ मे, सकाळी ९:००

पहिलीपासून हिंदी या विषयावरचे प्रतिसाद हलवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे. इथं शाळा निवडण्याबद्दलच बोलावं.

---

योगेश्वरीचा_विद्यार्थी | १३ मे, सकाळी ११:२०

वय झालं म्हणून जुनं आठवतं. आपला भाग निजामाच्या राज्यात होता, वरचं शिक्षण उर्दूतून. माझे वडील सांगत, मराठीतून पुढं शिकायचं तर खासगी राष्ट्रीय शाळांशिवाय वाट नव्हती. हिप्परग्याला १९२१ साली तशी शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिकवायला आले, पुढं अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत. हैदराबादचा लढा उभारणारा माणूस आधी गुरुजी होता, हे आताच्या पोरांना १७ सप्टेंबरच्या मुक्तिदिनाच्या भाषणात कुणी सांगत नाही. विद्यार्थी आणि शिक्षक एकाच पंगतीला जेवत, सूत कातत, असं वडील सांगायचे. मूल्यांचा वेगळा तास नव्हता. बालाघाटी, तुम्ही अंबाजोगाई भागातले, तुम्हाला मी काय सांगणार.

---

तांड्यावरची_बाई | १३ मे, दुपारी १:०५

काका, नमस्कार. इतिहास मोठाच आहे. फक्त त्या पंगतीत तांड्यावरचे आणि गावकुसाबाहेरचे किती होते, हेही वडिलांनी सांगितलं असेल तर लिहा.

---

योगेश्वरीचा_विद्यार्थी | १३ मे, सायंकाळी ६:४०

बाई, प्रश्न रास्त आहे. ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

---

फडातला | १३ मे, रात्री ११:३०

वाचत होतो, लिहिणार नव्हतो. तांड्यावरच्या बाईंनी एप्रिलचं विचारलं म्हणून लिहितो. मी ते एप्रिलचं लेकरू हाय. आता पुण्यात कंपनीत हाय. गाव धारूर तालुक्यात.

आईबापाचा ऊसतोडीचा कोयता. दसरा झाला की उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली टोळी निघायची. मी तिसरीपर्यंत दरसाल गेलो. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहायचं, धाकटीला सांभाळायचं, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या, पेंढ्या बांधायच्या. गावी परत आलो की पहिल्या शाळेत मागच्या भिंतीला बसवायचे. गुरुजी वाईट नव्हते. मारत नव्हते, काही इचारतबी नव्हते. हजेरीत माझं नाव आलं की पोरं म्हणायची 'कारखान्यावर'. मी समोर बसलेला असताना बी.

चौथीला मामाच्या गावी ठेवलं. तिथल्या गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात इचारलं, कारखान्यावर काय काय केलास? मी म्हणलं, बापाला वजनकाट्याची पावती वाचून दाखवायचो. बापाला वाचता येत नव्हतं, आणि वजन मारतेत अशी सगळ्यांना शंका. गुरुजी म्हणले, चल, फळ्यावर काढ. मी काढली. वर भरलेल्या गाडीचं वजन, खाली रिकाम्या गाडीचं, त्याच्या खाली उसाचं. गुरुजींनी तिसरा आकडा पुसला. वर्गाला म्हणले, याच्या बापाला पैसे किती टनाचे मिळायचे ते काढा. निम्म्या वर्गाला वजाबाकी आली नाही. मला तोंडी येत होती, कारण चुकली असती तर घरात भांडण झालं असतं.

त्या दिवसापासून मी मागं बसलो नाही. एवढंच घडलं. लिहायला, वाचायला नीट यायला पुढं लई वेळ लागला. शुद्धलेखन अजून बी बोंबच हाय.

बालाघाटी, तुमची लेक उसाच्या फडात जाणार न्हाई. पण तिच्या वर्गात माझ्यासारखं कुणीतरी असंल. त्याला कुठं बसवलंय बघा. त्याला जी शाळा नीट वागवती ती तुमच्या लेकीला वाईट वागवायची न्हाई.

---

उषाताई_लातूर | १४ मे, सकाळी ६:५०

फडातला, तुमचं लिखाण मी नवऱ्याला वाचून दाखवलं. शुद्धलेखनाची काळजी करू नका.

---

बालाघाटी | १४ मे, रात्री ९:००

फडातला भाऊ, लिहिलंत हे बरं केलंत. बाकीच्या सगळ्यांचेबी आभार.

एक शंका. शिकवायच्या पद्धतीचं मला नीट कळलं न्हाई. रचनावाद, कृतियुक्त, आनंददायी, हे शब्द दोन्ही शाळा वापरतेत. आम्हाला पाढे घोकून घेतले आणि आले की. मग नवीन रीतीत वेगळं काय, आणि ती खरंच चाललीय हे माझ्यासारख्याला कसं कळावं?

---

तांड्यावरची_बाई | १४ मे, रात्री १०:१०

गणितातलं एक उदाहरण देते. दुसरी-तिसरीच्या लेकराला ४२ वजा १७ लिहून द्या. बरीच लेकरं ३५ उत्तर काढतात. का? सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. मोठ्यातून लहान काढायचं एवढं त्यांनी धरलेलं असतं, कोण वर कोण खाली याचा विचार नसतो.

आता बाईनं काय केलं ते बघायचं. एका वर्गात ३५ वर लाल फुली पडते आणि 'शेजारून एक उसना घे' असा मंत्र मिळतो. लेकरू मंत्र पाठ करतं, पुढच्या वर्षी विसरतं. दुसऱ्या वर्गात बाई विचारते, "कसं काढलंस, मला सांग." मग काड्या देते. दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या. "आता मला यातल्या सतरा दे." लेकरू एक गठ्ठा देतं, दोन सुट्ट्या देतं आणि थांबतं. अजून पाच द्यायच्यात, सुट्टी काडी एकही नाही. इथं गप्प बसायचं असतं, तेच शिक्षकाला जमत नाही. थोड्या वेळानं ते लेकरू आपण होऊन दुसऱ्या गठ्ठ्याचं रबर काढतं. झालं. उसना कुठून आला हे त्याला परत सांगावं लागत नाही. काड्या नसल्या तर चिंचोके चालतात, पण चिंचोक्यांचे गठ्ठे बांधता येत नाहीत, दहा-दहाच्या पुड्या कराव्या लागतात.

पाढे नंतर घोकून घ्यायला माझी ना नाही. घोकणं वाईट नाही, आधी कळलेलं असावं. पुष्कळ लेकरं बेचाळीस ऐकून २४ लिहितात, कारण कानावर 'बे' आधी पडतं. २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'चाळीस दोन' असं वाचायची सोय दिली तर केवढा गहजब झाला! पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना नाही नाही ते ऐकावं लागलं. मी वर्गात दोन्ही घेते आणि कुणाला सांगत नाही.

तुम्ही शाळेत गेलात की दुसरी-तिसरीतल्या एखाद्या लेकराला हेच गणित घाला आणि विचारा, "कसं काढलंस?" उत्तर चुकलं तर चुकू द्या. लेकरू सांगायला लागलं तर त्या वर्गात विचारायची सवय आहे. खाली मान घालून बाईंकडं बघायला लागलं तर नाही.

---

कडब्याची_गंजी | १४ मे, रात्री १०:४५

मॅडम, तुमच्यासारख्या बाई बदलीत आमच्याकडं आल्या तर मी गावजेवण घालतो. ऑनलाइन बदलीत तुमचं नाव येतंय का बघतो.

---

परभणीची_उर्दू_टीचर | १५ मे, सकाळी ८:३०

मी उर्दू माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून थोडं. आमचा आणि शेजारच्या मराठी शाळेचा गेट एकच आहे. एरवी दोन शाळा, दोन घंटा. कोरोनानंतर मुलं परत आली तेव्हा वाचन सगळ्यांचंच मागं गेलं होतं. तेव्हा आम्ही दोन्हीकडच्या बायकांनी दुपारचा एक तास गणिताला एकत्र बसवलं, वर्गाप्रमाणं नाही, ज्याला जे येतं त्याप्रमाणं. तिसरीतला पहिलीतल्याबरोबर बसला. आईबाप चिडतील वाटलं होतं, नाही चिडले. भिंतीवर सर्वधर्मसहिष्णुता आमच्याकडंही लिहिलेली आहे. तिच्यामुळं काही झालं नाही. मुलांना एकमेकांकडून वजाबाकी शिकावी लागली त्यामुळं थोडं झालं. शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग कधी असते तेही विचारा. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असायला पाहिजेत आणि निम्म्या बायका. सह्या घरपोच गोळा होत असतील तर समजून जा.

---

बालाघाटी | २१ जून, रात्री ९:३०

शाळा भरल्यावर जाऊन आलो. म्हणलं, धाग्यावर सांगावं.

इंग्लिश शाळेत वर्गात जाऊ दिलं न्हाई. काचेतून दाखवलं. लेकरं ओळीत, हाताची घडी, तोंडावर बोट. मॅडम गोड बोलत होत्या. परत आलेल्या लेकराचा प्रश्न इचारला, तर म्हणाल्या, "आमच्याकडे तसे पालक नसतात सर."

झेडपीत गेलो त्या दिवशी एक गुरुजी प्रशिक्षणाला. चारी वर्ग एका खोलीत, गोंगाट भरपूर. वह्या बघितल्या. चौथीच्या वह्या सारख्याच निघाल्या, सगळ्यांच्या आया सडा घालत होत्या. केंद्रप्रमुख सर, तुमची लई आठवण आली. पण तिसरीतल्या एका पोरीला ४२ वजा १७ घातलं. तिनं ३५ लिहिलं. मी इचारलं कसं काढलंस, तर ती धडाधडा सांगायली, सांगता सांगता मधीच थांबली, म्हणली, "थांबा काका, चुकतंय," आणि पाटी पुसली. गुरुजी लांबून बघत होते, मधी आले न्हाईत.

ऊसतोडीच्या लेकरांचं इचारलं. गुरुजी म्हणले, "खरं सांगू का, गेल्या साली चौघांसाठी वेगळा तास सुरू केला होता, महिनाभर चालला, मग निवडणुकीचं काम लागलं." यंदा समितीच्या बैठकीत हा विषय घ्यायचा ठरलंय. समितीत माझं नाव बी टाकलंय, न इचारता.

पहिलीला गावातच घातली. बायको अजून नाराज हाय, इंग्रजीचं कोण बघणार म्हणती. दुसरीचं दुसरीत बघू.

---

लातूरचा_भाऊ | २१ जून, रात्री ९:५०

आणि गुरुजींची लेकरं?

---

बालाघाटी | २१ जून, रात्री ९:५८

एक अंबाजोगाईत इंग्लिशला. धाकटी याच शाळेत, पहिलीत. माझ्या लेकीच्या शेजारी बसती.

---

नवीन_सदस्य_माजलगाव | २२ जून, सकाळी १०:१०

धागा उशिरा सापडला. माझ्या चुलत भावाची टोळी यंदा लई उशिरा परतली. त्याच्या पोराचा जन्मदाखलाच न्हाई, जन्म कारखान्यावर झालेला. पहिलीत घेतील का? का आधी तहसीलला जावं लागंल?

---

निवृत्त_केंद्रप्रमुख | २२ जून, सकाळी १०:४५

आधी शाळेत जा. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असतील तर पहिलीत बसेल. अंगणवाडीच्या रजिस्टरची नोंद किंवा आईवडिलांचं लेखी निवेदन चालतं. दाखला मागाहून काढा, त्यासाठी लेकरू घरी बसवू नका. मुख्याध्यापक काही म्हणाले तर मला इथंच निरोप टाका.